लडाखला निघण्याआधी: बाइकला सामानाची फ्रेम आणि पेट्रोलचा कॅन कसा बसवायचा

पहिल्या वेळी मी आधी फ्रेम बनवून घेतली आणि मग तिच्यावर काय लादायचं ते ठरवलं. त्याचा हिशेब स्पितीतून परत येताना, बातल ते ग्राम्फूच्या दगडगोट्यांत चुकता झाला. डाव्या फ्रेमची वरची पट्टी वेल्डिंगच्या अगदी कडेला तुटली आणि बॅग चाकाकडे झुकली. पुढचे तीन तास जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आणि बांधकामाच्या तारेवर निघाले. पुण्यात आल्यावर ज्यांच्याकडून फ्रेम बनवून घेतली होती त्या वेल्डिंगवाल्या काकांना तुकडा दाखवला. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही बॅगा आणल्याच नव्हत्या. मी फक्त दिसायला बरं केलं." खरं होतं. म्हणून सामान ठरवल्याशिवाय पाइप कापायचा नाही, हे मी आता सगळ्यांना सांगत असतो.

माझी गाडी रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ आहे, त्यामुळे आकडे तिचे आहेत. गाडी दुसरी असली तरी रीत हीच.

आधी पेट्रोलचा हिशेब

मनाली–लेह रस्त्यावर केलाँगच्या अलीकडे तांडीचा पंप लागतो. तिथली "पुढचा पंप ३६५ किलोमीटर" ही पाटी फोटोंमुळे सगळ्यांना माहीत असते. ती पाटी बघूनच लोक घाबरतात आणि दहा-दहा लिटरचे दोन कॅन लटकवतात. जरा गणित करू. ४११ ची टाकी १५ लिटरची. पुणे–नाशिक रस्त्यावर माझी गाडी लिटरला ३० देते, पण सामान लादून, खालच्या गिअरमध्ये घाट चढताना मी २५ धरतो. ३६५ भागिले २५ म्हणजे १४.६ लिटर. टाकी पुरते, पण अगदी नखाएवढी शिल्लक ठेवून. त्यावर ५ लिटर जादा घेतलं की पल्ला ५०० किलोमीटरवर जातो. वाट चुकली, दरड कोसळून मागे फिरावं लागलं, तरी चालतं. लेहहून पँगाँग, चुशुल, हानले असं गोल फिरायचं असेल तर ५ लिटरचा आणखी एक. त्याहून जास्त मी कधी घेतलं नाही.

पेट्रोल लिटरला पाऊण किलोपेक्षा किंचित कमी भरतं. म्हणजे ५ लिटर साधारण ३.७ किलो, आणि पत्र्याचा कॅन धरून साडेपाच-सहा किलो. वीस लिटरचा बेत केला की कॅनसकट वीस किलोच्या पुढे जाता. एवढं वजन खराब रस्त्यावर दिवसभर हापटत राहिलं की कुठलीही पट्टी तुटेल, काकांची असो की परदेशी कंपनीची.

कॅन पत्र्याचाच घ्या. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय जवळ बाळगता येतं, पण ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात हवं. काच-मातीचं भांडं १ लिटरपर्यंत आणि धातूचं २५ लिटरपर्यंत. प्लास्टिक त्यात बसत नाही. रस्त्याकडेला मिळणारे तेलाचे पिवळे डबे तर विसराच, उन्हात त्यांचं झाकण आधी दगा देतं. जेरीकॅन हे नाव ब्रिटिश सैनिकांनी ठेवलं. जर्मनांना ते 'जेरी' म्हणत आणि हा कॅन १९३० च्या दशकात जर्मनांनी केला. त्याच्या दोन्ही बाजूंना जी फुलीसारखी खोलगट नक्षी असते ती शोभेची नाही. आतलं पेट्रोल फुगलं की पत्र्याला फुगायला तिथे जागा मिळते.

झाकणाखालची रबरी चकती बघून घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या कॅनमधलं साधं रबर त्यात फुगून चिकट होतं. वायटनची, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या खास रबराची चकती मिळाली तर उत्तम.

खोक्याची फ्रेम

आता सामान. निघताना जे नेणार ते सगळं हॉलमध्ये पसरा, बॅगा भरा आणि हुकवाल्या काट्यावर एकेक बॅग मोजा. माझ्या डाव्या-उजव्या बॅगा प्रत्येकी ९ किलोच्या आणि मागची आडवी ६ किलोची. गाडीच्या पुस्तिकेत एकूण वजनाची मर्यादा दिलेली असते. तीतून गाडीचं वजन वजा करा, मग स्वतःचं. हो, जॅकेट, बूट, हेल्मेटसकट. उरलेला आकडा बघून बरेच जण दुसरी जीन्स घरी ठेवतात.

मग वॉशिंग मशीन किंवा फ्रीजचं जाड खोकं मिळवा. गाडी सेंटर स्टँडवर घ्या आणि खोक्याच्या पुठ्ठ्यातून बॅगेच्या आणि कॅनच्या मापाचे डबे कापून चिकटपट्टीने गाडीला लावा. पोरखेळ वाटतो, पण सगळ्या चुका इथेच पकडता येतात. पुठ्ठा लावलेला असताना मी इतकं बघतो:

गाडीवर बसून दोन्ही पायांनी गाडी मागे ढकला. पोटरी पुठ्ठ्याला लागली तर बॅग मागे सरकवा. वाळूत किंवा चिखलात पाय टेकवताना तो पेटीखाली सापडला तर घोटा मोडतो, आणि बारालाचा खिंडीपलीकडे घोटा मोडणं परवडत नाही. कडक पेट्यांऐवजी मी मऊ बॅगा वापरतो त्यामागे हेच आहे.

दोन्ही बाजूंच्या पुठ्ठ्यांमधलं अंतर हँडलच्या रुंदीपेक्षा जास्त नको. हँडल जिथून जाईल तिथून बॅग गेली पाहिजे. लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी सहाला एक फेरी मारली की हे आपोआप समजतं.

ब्रेकलाइट, इंडिकेटर, नंबरप्लेट मागून उघडी दिसली पाहिजे. इंडिकेटर झाकला जात असेल तर तो बाहेर सरकवायची पट्टी आत्ताच आखून ठेवा.

आणि वजन कुठे बसतंय ते बघा. मागच्या चाकाच्या आसाच्या मागे ठेवलेली प्रत्येक वस्तू पुढचं चाक हलकं करते. चढावर, सैल खडीत, हलकं झालेलं हँडल डावीकडे वळवलं तरी सरळ जातं. म्हणून पाने, ट्यूब, चेनचा स्प्रे हे सगळं बॅगांच्या तळाशी, सीटच्या जवळ. मागे वर फक्त स्लीपिंग बॅग आणि कपडे.

पेट्रोल कुठे बसवायचं

सायलेन्सरच्या बाजूला नाही. हिमालयनचा सायलेन्सर उजवीकडे आहे, म्हणून कॅन डावीकडे. मागच्या सीटच्या पायपट्टीच्या वर, बॅगेच्या पुढे. डावीकडे कॅनचे सहा किलो वाढतात, तेव्हा हत्यारांची पिशवी उजव्या बॅगेत टाकून वजन सारखं करा. काट्यावर दोन्ही बाजूंत एखाद्या किलोचा फरक राहिला तरी चालतो. मागे कोणी बसणार असेल तर ही जागा जाते. मग ४११ ला टाकीच्या दोन्ही बाजूंना कंपनीने दिलेली नळ्यांची जी चौकट असते, तिच्यावर कॅन लावायचा. ती जागा वजनाच्या दृष्टीने खरं तर जास्त चांगली. फक्त हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि उभं राहून गुडघा कुठे लागतो ते बघून घ्या.

मागच्या कॅरिअरवर, सर्वांत उंच आणि सर्वांत मागे कॅन बांधलेल्या गाड्या दर मोसमात दिसतात. त्यांच्या मागून चालवू नका.

फ्रेम बनवताना

तयार फ्रेम तुमच्या मॉडेलची मिळत असेल तर घ्या, हा भाग सोडून पुढे जा. मला कॅनची जागा हवी होती म्हणून करून घेतली. पाऊण इंची, म्हणजे १९ मिलिमीटरचा एमएस (साध्या पोलादाचा) पाइप, २ मिलिमीटर जाडीचा. तो मीटरला साधारण साडेआठशे ग्रॅम भरतो. दोन्ही बाजू आणि मागचा जोड धरून मला पाच मीटर लागला, म्हणजे सव्वाचार किलो. याहून जाड पाइप घेऊन फ्रेम मजबूत होत नाही, ती मजबूत होते आखणीने.

आखणीत दोन गोष्टी बघा. एक, प्रत्येक बाजू गाडीला तीन ठिकाणी धरलेली हवी: वर सीटखाली, खाली पायपट्टीच्या ब्रॅकेटपाशी आणि मागे. दोनच ठिकाणी धरलेली फ्रेम दारासारखी हलते. दोन, डावी आणि उजवी फ्रेम नंबरप्लेटच्या मागून आडव्या नळीने जोडलेली हवी. माझ्या पहिल्या फ्रेमला ही नळीच नव्हती. प्रत्येक खड्ड्याला दोन्ही बाजू आत-बाहेर होत होत्या आणि ती सगळी वाकवावाकवी त्या एका पट्टीवर येत होती. तुटलेला तुकडा हातात घेऊन बघितला तर अर्धा भाग गंजलेला आणि अर्धा ताजा चकचकीत. म्हणजे भेग आधीच पडली होती, बातलला फक्त तिचा शेवट झाला.

फ्रेम गाडीला धरणाऱ्या पट्ट्या ५ मिलिमीटर जाडीच्या. पट्टी पाइपला जिथे भेटते तिथे छोटा त्रिकोणी आधार घाला. वेल्डिंगच्या कडेला कोपरा धारदार राहू देऊ नका, कानशीने गोल करा.

गाडीच्या चेसीला काहीही वेल्ड करायचं नाही आणि तिला भोकही पाडायचं नाही. कंपनीने दिलेल्या भोकांवरच सगळं बसवा. ताकदीचा प्रश्न आहेच, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणीत बदल होईल असा फेरफार परस्पर करता येत नाही. बोल्टने बसणारी आणि बोल्टने निघणारी फ्रेम ठेवा. काका माप घ्यायला गाडीवरच टाके मारतात, म्हणजे फ्रेमचे तुकडे वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरते जोडतात. मारू द्या, पण आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला करा आणि टाकीवर ओलं गोणपाट टाकण्यात समाधान मानू नका, टाकी काढूनच ठेवा. टाके मारून झाले की फ्रेम गाडीवरून उतरवून, बाजूला नेऊन पूर्ण वेल्ड करा. गार झाल्यावर पुन्हा लावून बघा, वेल्डिंगने पाइप ओढला जातो आणि भोकं दोन-तीन मिलिमीटर सरकतात. तेव्हा फ्रेम ठोकून बसवू नका. भोक कानशीने लांबट करा. ताणून बसवलेली फ्रेम निघण्याआधीच अर्धी थकलेली असते.

कॅनचा पाळणा २५ बाय ५ च्या पट्टीचा. तळाला चारही बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर उंचीचा काठ आणि आतून ३ मिलिमीटर रबर, नाहीतर पत्रा घासून घासून भोक पडतं. तळाला दोन भोकं ठेवा, म्हणजे पाणी आणि सांडलेलं पेट्रोल साचणार नाही. वरून रॅचेटचा पट्टा आणि कॅनच्या मुठीतून जाणारी एक पिन. पट्टा सुटला तर पिन आहे, पिन पडली तर पट्टा. कॅन उभाच, बूच वर. बंजी दोरी या कामाला नको, ती ताणते म्हणजे कॅनला उड्या मारायची परवानगीच देते.

पावडर कोटिंगला देण्याआधी सगळे रबर काढा, भट्टीत ते टिकत नाहीत. आटे असतील तिथे बोल्ट लावून द्या, नाहीतर रंग आट्यांत बसतो.

बसवणं

नटबोल्ट बोहरी आळीतून, डोक्यावर ८.८ हा ताकदीचा दर्जा छापलेले. स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट गंजत नाहीत, पण नेहमी मिळणारे ताकदीला ८.८ पेक्षा कमी असतात.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी गॅरेजमध्ये हमखास चुकते. कंपनीचा बोल्ट काढून त्याच भोकात ५ मिलिमीटरची पट्टी घातली आणि तोच बोल्ट परत लावला, तर तो आट्यांत ५ मिलिमीटर कमी जातो. हाताला घट्ट लागतो, आणि हजार किलोमीटरवर आट्यांसकट बाहेर येतो. पट्टी आणि वायसरची जेवढी जाडी, तेवढाच जास्त लांब बोल्ट घ्या. फार लांबही नको. सीटखालून आत गेलेलं टोक चाकाला किंवा वायरीला लागत नाही ना ते मागून टॉर्च मारून बघा. चाक वर गेल्यावर जागा आणखी कमी होते, हे लक्षात ठेवून.

आधी सगळे बोल्ट हाताने, तीन-चार आटे फक्त. कुठलाही एक आधी आवळायचा नाही. सगळे जागेवर आले की खालून वर थोडे थोडे आवळत जा. जिथे नट आहे तिथे नायलॉक (आत नायलॉनची रिंग असलेला नट), आणि एकदा काढलेला नायलॉक परत वापरू नका. आंधळ्या, म्हणजे पलीकडे नट लावता येत नाही अशा भोकात निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव), लाल नको, ते वाटेत साध्या पान्याने निघत नाही. ८ मिलिमीटरच्या ८.८ बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर आणि ६ च्याला १०. कंपनीच्या भोकासाठी पुस्तिकेत आकडा असेल तर तोच खरा. टॉर्कचा पाना नसेल तर गॅरेजवाल्याकडून अर्ध्या तासासाठी मागा.

आवळून झालं की बायकोची लाल नेलपॉलिश घेऊन (विचारून) प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत एक सरळ रेघ ओढा. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. रोज सकाळी चहा येईपर्यंत दोन मिनिटांत सगळी गाडी तपासून होते.

वजन वाढलं म्हणजे मागचा शॉक घट्ट करावा लागणार. ४११ च्या मागच्या चाकाला १८० मिलिमीटरची हालचाल आहे. स्वतः पूर्ण पोशाखात बसून आणि सामान लादून गाडी त्यातली साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे ६० मिलिमीटर खाली बसली पाहिजे. आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेप लावून मित्राला मोजायला सांगा, एकदा चाक हवेत असताना आणि एकदा बसल्यावर. जास्त बसत असेल तर प्रीलोडची, म्हणजे शॉकची स्प्रिंग आधीच दाबून घट्ट करणारी रिंग फिरवा. मग चेनचा ताण परत बघा, टायरची हवा पुस्तिकेत भरलेल्या गाडीसाठी दिली असेल तेवढी करा, आणि हेडलाइट खाली घ्या. नाहीतर समोरचा ट्रकवाला रात्रभर शिव्या घालेल.

पाण्याची चाचणी

पहिली फेरी पेट्रोलवर नाही, पाण्यावर. पाच लिटर पाणी पाच किलो, पेट्रोलपेक्षा सव्वा किलोने जास्त. पाणी पेललं तर पेट्रोल पेलेलच. त्यासाठी तसलाच जुना कॅन वापरा, खऱ्या कॅनमध्ये पाण्याचा थेंब नको. सगळं सामान लादून पौडमार्गे मुळशी, ताम्हिणी आणि परत, सव्वाशे-दीडशे किलोमीटर. स्पीडब्रेकरसाठी पुण्याबाहेर जायची गरजच नाही, पौड फाट्यापर्यंतच निम्मी चाचणी होते. ताम्हिणीच्या वरच्या टपरीवर थांबून नेलपॉलिशच्या रेघा बघा, कॅनखालचं रबर सरकलं का बघा, सायलेन्सरच्या बाजूच्या बॅगेला हात लावा. कापड गरम लागलं तर मध्ये पत्र्याची ढाल हवी, आणि ढाल व बॅग यांत बोटभर हवा. घरी येऊन सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नव्या रंगाचा थर दबतो, म्हणून पहिल्या फेरीनंतर ते थोडे ढिले होतातच.

गाडी झेलम एक्स्प्रेसने जम्मूला पाठवणार असाल तर टाकी रिकामी करून द्यावी लागते. कॅनही रिकामा, उघडा ठेवून वाळवलेला. रेल्वेत पेट्रोल नेणं गुन्हा आहे आणि वासावरून ते कळतं. पॅकिंगवाल्याला फ्रेमच्या टोकांवर गोणपाट जास्त गुंडाळायला सांगा.

वाटेवर

कॅन भरताना तो गाडीवरून उतरवून जमिनीवर ठेवा आणि नळीचं तोंड कॅनच्या काठाला टेकवून ठेवा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. गळ्यापर्यंत भरू नका, दहावा हिस्सा रिकामा ठेवा. १० अंश तापमान वाढलं की पेट्रोल साधारण एक टक्का फुगतं, पण खरी भानगड उंचीची. लेहच्या वाटेवरची तंगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. खाली बंद केलेला कॅन वर जाईपर्यंत आतून ढकलायला लागतो. बूच एकदम उघडलं तर तोंडावर फवारा येतो. त्यावर फडकं धरून, हळूच सैल करा, फुस्स संपू द्या, मग उघडा.

टाकीत पाच लिटरची जागा झाली की लगेच कॅन ओता, रिझर्व्ह लागायची वाट बघू नका. वजन गाडीच्या मध्यावर येतं आणि बाजूचा बोजा उतरतो. इंजिन बंद, दहा मिनिटं गार होऊ द्या, जाळीचं नरसाळं घ्या, वाऱ्याकडे पाठ करा. नळी तोंडाने ओढायची नाही. आणि रिकामा कॅन म्हणजे निर्धोक नव्हे. त्यात उरलेली वाफ भरलेल्या कॅनपेक्षा लवकर पेट घेते आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते. रात्री कॅन तंबूत किंवा खोलीत घेऊ नका, स्टोव्हपासून लांब, बाहेर.

परत आल्यावर कॅनमध्ये पेट्रोल ठेवू नका. इथेनॉलचं पेट्रोल पावसाळी हवेतलं पाणी ओढतं आणि ते तळाला बसतं. फ्रेम मी उतरवूनच ठेवतो, सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या स्कूटरला घासते म्हणून. काढलेले बोल्ट, वायसर, स्पेसर एका डबीत घालून, कुठला बोल्ट कुठे आणि कितीचा पाना लागतो ते लिहिलेल्या चिठ्ठीसकट डबी फ्रेमलाच तारेने बांधलेली आहे.